उरलेल्या चिकनचा स्टॉक पातळ, गढूळ आणि कडवट का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाजलेल्या अख्ख्या कोंबडीचा सांगाडा उरला. स्टॉक, म्हणजे हाडांचा पाण्यात उतरवलेला अर्क, करायचा म्हणून तो ४ लिटर पाण्यात कांदा, गाजर, सेलरी, लसूण घालून ४ तास उकळला. हाती आलं ते गढूळ पाणी, वर तेलाचा तवंग, चव पातळ आणि शेवटी जिभेवर कडवटपणा. फ्रीजमध्ये ठेवूनही जेली धरली नाही. शिवाय दोन उपप्रश्न: पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवलं तर चालतं का, आणि गाळून उरलेला चोथा कुत्र्याला घालता येईल का?

उपप्रश्नांचं उत्तर दोन्हीकडे ‘नाही’ असंच आहे, कारणं पुढे सांगतो. आधी स्टॉकचं बघू.

तुम्ही वापरलेली कृती कच्च्या हाडांच्या स्टॉकची आहे. ती जशीच्या तशी शिजलेल्या हाडांना लावलीत आणि बहुतेक सगळं तिथेच बिनसलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी वीसेक वर्षं काढली, त्यातली पहिली दोन जवळजवळ स्टॉकच्या पातेल्यांपाशीच उभा होतो. नव्याने येणारा प्रत्येक जण हीच चूक करायचा. मीही केली.

भाजताना कोंबडीने बरंच काही देऊन टाकलेलं असतं. ट्रेच्या तळाशी साठलेला तपकिरी रस आठवा. तो ट्रे न घासता फ्रीजमध्ये गेला असता, तर सकाळी पांढऱ्या चरबीच्या थराखाली तांबूस, थलथलीत जेली सापडली असती. बोट लावलं की थरथरते, जिभेवर ठेवली की विरघळून जाते. तुम्ही चार तास जी शोधत होतात ती हीच, आणि बहुधा ती सिंकमधून वाहून गेली. पुढच्या वेळी ट्रेमध्ये अर्धा कप गरम पाणी ओता, लाकडी उलथन्याने तळ खरवडा आणि ते पाणी चरबीसकट पातेल्यात जाऊ द्या. चरबी नंतर काढता येते. फक्त तळ काळा पडला असेल तर हा मोह टाळा.

जेली होते ती कोलॅजनमुळे. कोंबडीच्या कातडीत, सांध्यांत, पंखांच्या टोकांत आणि छातीच्या हाडाला चिकटलेल्या मऊ पांढऱ्या कूर्चेत ते भरपूर असतं. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते सैल होऊ लागतं आणि पाण्यात उतरतं, तेच जिलेटिन. तापमान वाढलं की हे काम झपाट्याने होतं. थंड झाल्यावर जिलेटिनचं जाळं धरतं आणि ३०-३५ अंशांच्या आसपास पुन्हा वितळतं, म्हणून चांगला स्टॉक तोंडात गेल्या गेल्या सुटतो आणि ओठांना किंचित चिकटतो. आता हिशेब बघा. दीड किलोच्या कोंबडीचं मांस काढून घेतल्यावर हाडं, कातडी वगैरे धरून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ऐवज उरतो. त्यातलं काही कोलॅजन आधीच ट्रेमध्ये गेलेलं. एवढ्याशा ऐवजाला ४ लिटर पाणी म्हणजे चहाच्या एका चमच्यात पातेलंभर चहा करण्यासारखं आहे.

एका सांगाड्याला सव्वा लिटर पाणी पुरतं, फार तर दीड. पण अख्खा सांगाडा पातेल्यात ठेवलात तर तो सव्वा लिटरमध्ये बुडणार नाही. बरगड्यांच्या पिंजऱ्यात नुसती पोकळी असते, आणि ती भरायलाच माणूस पाणी ओतत सुटतो. म्हणून आधी सांगाडा मोडायचा. पाठीचा कणा दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवला की कडकन तुटतो, शिजलेली हाडं आहेत, जोर लागत नाही. बरगड्या बाजूला करा, मांडीचे सांधे सोडवा, पाच-सहा तुकडे झाले पाहिजेत. पसरट पातेल्याऐवजी अरुंद आणि उंच भांडं घ्या, तुकडे तळाशी दाबून बसवा आणि वर बोटाच्या एका पेराइतकंच पाणी येईल असं बघा. लिटरचं माप नाही पाळलंत तरी चालेल, हे पेर मात्र पाळा.

पाणी कमी करून दाटपणा येईल, चव येईलच असं नाही. अंगाला धरणारा दाटपणा हाडं, कातडी आणि कूर्चा देतात. कोंबडीची म्हणून जी चव आपण ओळखतो ती मुख्यतः मांसातून येते. सांगाडा चाटूनपुसून स्वच्छ केला असेल तर स्टॉक दाट होईल आणि तरी मुका राहील. मी दोन गोष्टी करतो. एक, कण्याच्या खळग्यांतलं आणि पंखांतलं मांस खरवडत बसत नाही, ते हाडालाच राहू देतो. दुसरी, सांगाडा एकच असेल तर पाव किलो कच्चे पंख आणतो. आधी ते पंख गार पाण्यात टाकून तासभर मंद शिजवायचे, वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहायची, मग त्यात भाजलेला सांगाडा टाकून पुढचा दीड तास. पंख जास्त असल्याने पाणी पाऊण लिटरने वाढवता येतं. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या एवढ्याने मिटतील. कोंबडीचे पाय मिळत असतील आणि घरात कुणी नाक मुरडत नसेल तर जेलीसाठी त्यांच्याइतकं चांगलं काहीच नाही. दोन पायांनी फरक दिसतो. कलेजी मात्र कधीही टाकू नका, तिने स्टॉक गढूळही होतो आणि कडूही.

कडवटपणावरून आठवलं, तुम्ही पुढे जाता जाता लिहिलं आहे की कोंबडीच्या पोटात अर्धं लिंबू आणि रोझमेरीच्या काड्या भरून भाजली होती. त्या काढल्या होत्या का? मला वाटतं, नाही. लिंबाच्या सालीखालचा पांढरा भाग चार तास उकळला की तो कडू होणारच, आणि रोझमेरी पहिली वीस मिनिटं सुगंध देते, पुढे औषधी काढ्यासारखी लागायला लागते. सांगाडा पातेल्यात जाण्याआधी पोट रिकामं करायचं, आत काही भरलेलं असेल तर तेही चमच्याने खरवडून. कातडीवर जिथे जिथे काळे डाग आहेत ते नखाने उपटून टाकायचे. खरपूस तांबूस कातडी ठेवा, काळी नको. भाजताना ट्रेमध्ये जळालेल्या लसणाच्या पाकळ्यांनाही हेच लागू. धुरावर शिजवलेल्या चिकनचा स्टॉक मी करतो, पण थोड्या पाण्यात आणि वेगळा, कारण त्याचा वास पुढच्या प्रत्येक पदार्थात बोलतो. आणि ग्रेव्हीतल्या चिकनची हाडं उरली असतील तर कोमट पाण्यात खळबळून घ्या. तरीही मसाल्याची चव जाणार नाही, तेव्हा तो स्टॉक तशाच चवीच्या पदार्थात वापरायचा हे आधीच ठरवा.

आता आच. तुम्ही ‘उकळलं’ असं लिहिलं आहे आणि मला भीती वाटते की ते शब्दशः खरं असावं. खळखळत्या उकळीत चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात आणि परत वेगळे होत नाहीत. शिजून घट्ट झालेल्या प्रथिनांचे कणही त्यातच भरडले जातात. गढूळपणा आणि जिभेवर राहणारा तेलकटपणा एकाच कारणाने येतात. काही जण मुद्दाम जोरात उकळून दुधासारखा पांढरा स्टॉक करतात, तो मला आवडतो, पण तो हवा असतो तेव्हा. स्वच्छ स्टॉकसाठी पाणी ८५ ते ९५ अंशांच्या मध्ये राहायला हवं. थर्मामीटर नसेल तर पातेल्यात बघा: पृष्ठभाग हलका थरथरतोय, एका कडेने दर एक-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर येतोय आणि फुटतोय, बाकी सगळं शांत. हाडं जागची हलत नाहीत. ती नाचायला लागली की आच जास्त झाली. सर्वांत लहान बर्नरवरही उकळी थांबत नसेल तर पातेलं थोडं एका बाजूला सरकवा, म्हणजे आच एकाच कडेला लागेल आणि मळीही समोरच्या कडेला जमेल. झाकण पूर्ण लावायचं नाही, तिरकं ठेवायचं. पूर्ण झाकलं की पाच मिनिटांत आत रटरटायला लागतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

आणि ढवळायचं नाही. हे सांगून कुणी ऐकत नाही.

वेळेचं म्हणाल तर शिजलेल्या सांगाड्याला दीड ते दोन तास पुष्कळ झाले. कच्ची हाडं तीन-चार तास घेतात, तो आकडा तुमच्या कृतीत आला असावा. जास्त वेळ ठेवलं की जास्त अर्क उतरतो हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. त्यापुढे जिलेटिनचे लांब धागे तुटत जातात आणि जेली धरण्याची ताकद कमी होते, वास उडून जातो, हाडांचा भुगा होऊन तळाशी गाळ बसतो. कूर्चा बोटांत चिरडली आणि सांधे आपोआप सुटे झाले की थांबा. पाण्यात व्हिनेगर घातलं की हाडांतलं कॅल्शियम भरपूर उतरतं, असं बरंच ऐकू येतं. चमचाभर व्हिनेगरने चवीला थोडी धार येते, कॅल्शियमच्या बाबतीत फारसं काही घडत नाही. कॅल्शियम हवं असेल तर दूध प्या.

भाज्या पहिल्यापासून घातल्यात, तेही एक कारण आहे. गाजर आणि कांदा यांना द्यायचं असतं ते पाऊण तासात देऊन होतं. चार तासांनी त्यांचा लगदा होतो, तो गाळणीतून खाली उतरतो आणि शिवाय आधी दिलेला रस स्वतःच शोषून बसतो. शेवटचा पाऊण तास उरला की घाला: एका सांगाड्याला एक कांदा, एक लहान गाजर, सेलरीची एक काडी, सात-आठ काळे मिरे, एक तमालपत्र. कांद्याचं कोरडं साल स्वच्छ असेल तर राहू द्या, रंग सुंदर येतो. पिकलेल्या टोमॅटोची एक फोड किंवा मशरूमचे दोन-तीन देठ चवीला खोली देतात. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली नको, त्यांचा वास सगळं व्यापतो. बटाटाही नको, त्याच्या स्टार्चने पाणी धुरकट होतं. घरातल्या भाज्यांची सगळी साठवण संपवायची जागा म्हणून स्टॉककडे बघणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

मीठ घालू नका, अजिबात. भाजलेल्या चिकनच्या कातडीवर मीठ आधीच असतं, आणि पाणी आटत जाईल तसं ते वाढत जातं. शेवटी सूप किंवा भात करताना त्या पदार्थात घाला. अळणी स्टॉक चाखताना मात्र फसगत होते, कारण मिठावाचून तो मिळमिळीतच लागतो. म्हणून मी चाखायला वाटीभर बाजूला काढतो, त्यात चिमूटभर मीठ टाकतो आणि मगच मत बनवतो.

प्रेशर कुकरमध्ये करता येतो का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण मी स्वतः घरी बहुतेक वेळा त्यातच करतो. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या जवळ जातं आणि कोलॅजन फार लवकर सुटतं. शिट्ट्या मोजत बसू नका. प्रत्येक शिट्टीला आतलं पाणी उसळतं आणि पुन्हा तोच गढूळपणा. पहिली शिट्टी होण्याच्या बेतात आली की आच अगदी बारीक करा आणि ३५ ते ४० मिनिटं ठेवा. नंतर वाफ हाताने सोडू नका, दाब आपोआप उतरू द्या. वाफ एकदम सोडली की आत ज्वालामुखी होतो आणि सगळी मेहनत ढवळून निघते. भाज्या कुकर उघडल्यावर घालून पंधरा-वीस मिनिटं उघड्यावरच मंद शिजवा.

गाळताना पातेलं एकदम उपडं करू नका. आधी मोठे तुकडे चिमट्याने काढा, मग ओगराळ्याने वरचं स्वच्छ पाणी गाळणीत घाला. गाळणीत तलम ओलं फडकं असेल तर उत्तम. तळाशी दोन बोटं गाळ राहील तो सोडून द्या. फडकं पिळायचं नाही, गाळणीतला चोथा पळीने दाबायचा नाही. त्यातून निघणारे चार चमचे वरच्या लिटरभर स्वच्छ स्टॉकचं वाटोळं करतात.

आता रात्रभर निवत ठेवण्याबद्दल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रात्री बाराच्या सुमारास ४० लिटरचं पातेलं गाळून, झाकण लावून, तसंच शीतगृहात ढकललं आणि घरी गेलो. सकाळी पातेल्याची बाहेरची बाजू गार होती. झाकण उचललं तर वर बारीक फेस आणि आंबट वास. हात बुडवला तर मध्यभागी अजून कोमट. मुख्य शेफ एक शब्दही बोलले नाहीत, पातेलं नाल्यापर्यंत मला एकट्याला ओढायला लावलं.

हाडांचा स्टॉक म्हणजे जिवाणूंना वाढलेलं ताट आहे. ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते वाढतात आणि कोमट अवस्थेत फार झपाट्याने. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या काहींची बीजं उकळीतूनही जिवंत राहतात आणि पाणी कोमट झालं की पुन्हा जागी होतात. सकाळी उकळून घेऊ म्हटलं तर जिवाणू मरतील, पण काही जातींनी रात्रीत सोडलेलं विष उकळूनही जात नाही. व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाळला जाणारा नियम असा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या ४ तासांत. घरी हे सहज जमतं. सिंकमध्ये गार पाणी आणि बर्फ भरा, त्यात पातेलं ठेवा आणि आता मात्र बेलाशक ढवळा. आधीच गोठवून ठेवलेली पाण्याची स्वच्छ बाटली स्टॉकमध्ये सोडली तर अजून लवकर निवतो. लिटर-दीड लिटर स्टॉक अर्ध्या तासात कोमटाच्याही खाली येतो. मग चार बोटांपेक्षा खोल नसलेल्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये.

याच कारणासाठी सांगाडा कुठून आला तेही बघा. जेवणाच्या टेबलावर चिकन चार-पाच तास पडून होतं, तर त्याचा स्टॉक करू नका, कितीही उकळलात तरी. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत हाडं फ्रीजमध्ये गेली पाहिजेत आणि तीन-चार दिवसांत पातेल्यात. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, तीन-चार महिने चांगली राहतात. दोन-तीन सांगाडे साठले की एकदम करा, एका सांगाड्यासाठी गॅस जाळण्यापेक्षा ते कधीही बरं. ताटात चोखून ठेवलेली हाडं घ्यावीत का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. नीट शिजवली तर घरच्या घरी धोका नाही. मी पाहुण्यांसाठी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी वर चरबीचा घट्ट थर आलेला असेल. तो कडेने सुरी फिरवून अख्खा उचलता येतो, फेकू नका, बटाटे परतायला त्याच्यासारखं काही नाही. तोपर्यंत डबा हलवलात तर स्टॉक दह्यासारखा एकसंध हलायला हवा. नाही हलला, तर चव बघा. चव चांगली असेल तर जेलीचा हट्ट सोडा, किंवा उघड्या पातेल्यात निम्म्यापर्यंत आटवा. यावेळी उकळलं तरी बिघडत नाही, चरबी आणि गाळ दोन्ही निघून गेलेले आहेत. मी बऱ्याचदा चौथ्या हिश्श्यापर्यंत आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. एक खडा आणि त्याच्या तिप्पट पाणी मिसळलं की मूळ स्टॉक परत. न आटवलेला फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना तो फुगतो आणि काचेची बरणी तडकते, हे मी दोनदा शिकलो आहे. वापरताना एकदा पूर्ण उकळी आणा.

तुम्ही आत्ता केलेलं ते तीन-साडेतीन लिटर? आटवून सुधारेल असं मला वाटत नाही. पाणी कमी झालं की कडूपणाही तितकाच दाट होईल. आणि ते रात्रभर ओट्यावर होतं असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, तेव्हा ओतून द्या.

राहिला कुत्रा. शिजलेली कोंबडीची हाडं ठिसूळ होतात, चावली की टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मऊ झाली आहेत असं वाटलं तरी सगळी तशी नसतात. शिवाय कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांना विषारी असतात, त्यामुळे त्यांच्यासोबत शिजलेला चोथा तर नाहीच, हा स्टॉकही नाही. त्याला द्यायचंच असेल तर सांगाडा पातेल्यात टाकण्याआधी, मसाला न लागलेलं आतलं मांस चार बोटं काढून ठेवा. कातडी नको, हाडाचा बारीकसा तुकडाही राहिला नाही ना, हे बोटांनी चाचपून बघा.